बॉलला पाय लागला होता, मग रेड कार्ड का?

तुम्ही विचारलंय की फुटबॉलमध्ये टॅकल करणाऱ्याचा, म्हणजे बॉल हिसकावायला पाय घालणाऱ्याचा पाय आधी बॉललाच लागला, तरी रेफरीने थेट रेड दाखवलं, हे कोणत्या नियमात बसतं?

बसतं, आणि बसायलाच हवं. तालमी-पेठांचे संघ असलेल्या कोल्हापुरात मी बारा वर्षं पंचगिरी करतोय. मैदानावर सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "सर, बॉल घेतलाय की!" पण आधी बॉलला लागलं तर माफ, असं फुटबॉलच्या नियम 12 मध्ये, म्हणजे फाउलच्या नियमात, कुठंच लिहिलेलं नाही. तिथं तीन पायऱ्या आहेत. नुसता निष्काळजीपणा असेल तर फक्त फ्री किक. समोरच्याला लागेल याची पर्वा न करता घुसलात तर यलो, म्हणजे ताकीद. गरजेपेक्षा फार जोर लावलात किंवा समोरच्याला गंभीर दुखापतीचा धोका निर्माण केलात तर रेड, म्हणजे थेट मैदानाबाहेर. मुद्दाम केलं का, हा प्रश्न त्यात येतच नाही.

हा धोका ओळखायचा कसा? मी आधी बुटाचा तळ बघतो. स्टड, म्हणजे तळाचे खुंट, समोर रोखलेत का, आणि लागले कुठं, पावलावर की घोट्याच्या वर? मग गुडघा. तो वाकलेला असला की धक्का थोडा जिरतो. पाय काठीसारखा ताठ असला तर अंगाचा सगळा भार समोरच्याच्या हाडावर जातो. दोन्ही पाय हवेत असतील तर खेळाडूला स्वतःला आवरताच येत नाही. आणि ज्याला लागलं त्याचा पाय रोवलेला होता का? उचललेला पाय धक्क्याबरोबर मागे जातो, रोवलेल्याला जायला जागा नसते.

एका शालेय सामन्यात मी मागे राहिलो होतो. मला बॉल उडालेला दिसला, यलो दिलं. पोराचा मोजा खाली केला तर नडगीवर स्टडचे तीन लाल वण उठले होते. ते रेड होतं. त्या पोराला माझ्याकडून न्याय मिळाला नाही.

मोठ्यांचंही चुकतं. 2010 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये नेदरलँड्सच्या निगेल डी याँगचा बूट स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीत बसला. रेफरी हॉवर्ड वेब यांनी यलो दिलं. मधे खेळाडू आल्यामुळं नीट दिसलं नाही, ते रेडच होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारी पद्धत, नव्हती, वर्ल्ड कपमध्ये ती 2018 ला आली.

व्हीएआरचा एक नियम मला फार पटतो. पाय नेमका कुठं लागला हे स्लो मोशनमध्ये बघायचं, पण जोर किती होता हे नेहमीच्याच वेगात. स्लो मोशनमध्ये साधा धक्कासुद्धा भयानक दिसतो. तुम्हीही तो टॅकल परत एकदा मूळ वेगात लावा, आणि बॉल सोडून फक्त टॅकल करणाऱ्याच्या गुडघ्याकडे बघा.