समुपदेशन कक्षाची किल्ली माझ्याकडे आली आणि माझीच झोप उडाली

नमस्कार ताई,

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नववी 'ब'ची वर्गशिक्षिका आहे, वर्गात 62 मुलं. वय 43. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, तुम्ही शांत आहात, मुलं तुमच्याशी बोलतात. समुपदेशन कक्ष तुम्हीच बघा." कक्ष म्हणजे खेळाच्या सामानाची खोली. प्रशिक्षण दोन दिवसांचं, तेही ऑनलाइन. माझा तास एकही कमी झाला नाही.

मुलं खरंच येऊ लागली. कुणाचा बाप पिऊन मारतो, कुणाला परीक्षेच्या आदल्या रात्री उलट्या होतात. मी ऐकते, समजावते. पण मागच्या आठवड्यात निबंधाच्या वह्या तपासताना एका मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, "मी नसले तरी कुणाला काही फरक पडणार नाही." तिला बाजूला घेतलं तर रडली, आणि "बाई, कुणाला सांगितलंत तर माझी शपथ" म्हणाली. मुख्याध्यापक सरांना तिचं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, "कागदावर काही आणू नका. गावात बोंब होईल, पट आधीच घसरतोय."

रात्री तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. रविवार संध्याकाळपासून छातीत जड वाटतं. घरी मुलावर उगाच ओरडते. नवरा म्हणतो, सोड ती नोकरी. मी या कामाला कमी पडतेय का? आणि 10 ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिनाचा कार्यक्रमही माझ्याच गळ्यात पडलाय.

– एक बाई

*

बाई,

मुलीचं काय करायचं ते आपण तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी फोनवर बोललो. तरी ते इथे पुन्हा लिहिते, कारण अशी वही आजही कुठल्या ना कुठल्या शिक्षकाच्या टेबलावर असणार. तुमची आणि तिची ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

आधी शपथेचं. ती मोडायची, आणि त्याबद्दल मनाला लावून घ्यायचं नाही. चौदा वर्षांची पोर "कुणाला सांगू नका" म्हणते तेव्हा सांगितल्यावर काय होईल याची तिला धास्ती असते. घरी मार बसेल, शाळा बंद होईल, स्थळं बघायला लागतील, वर्गातल्या मुली कुजबुजतील. यातलं नेमकं कशाचं भय आहे ते तिच्याकडून काढून घ्या, कारण पुढची पावलं त्यावरच ठरतील. फक्त तिच्या पाठीमागे मोडू नका. तिलाच सांगा, "ही शपथ मला पाळता येणार नाही. पण कुणाला सांगायचं आणि कसं, ते आपण दोघी मिळून ठरवू." पोरी यावर चिडतात, एखादी दोन दिवस बोलत नाही. चालेल.

आणि मग तो प्रश्न विचारा, जो विचारायला तुमची जीभ रेटत नव्हती. "वहीत लिहिलेलं वाचलं. तुला जीव द्यावासा वाटतो का?" असाच, सरळ. आडवळणाने "तसले काही विचार येतात का गं" असं विचारलं की मुलं आडवळणानेच "नाही" म्हणतात. तुम्ही फोनवर म्हणालात, थेट विचारलं तर नसलेला विचार तिच्या डोक्यात भरेल. नाही भरत. या क्षेत्रात काम करणारे डॉक्टर हेच सांगतात. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं. विचारून झालं की गप्प बसा. "आईवडिलांचा विचार कर", "इतकं सोन्यासारखं आयुष्य", "लोकांची दुःखं बघ" यातलं एकही वाक्य नको. ती वाक्यं तिला पाठ आहेत, आणि त्यांनी तिला आपण आणखीच वाईट आहोत असं वाटतं.

उत्तर "हो" आलं आणि कसं, कधी हेही तिने मनात ठरवलेलं दिसलं, तर त्या दिवशी तिला एकटी घरी पाठवायची नाही. घरातलं विश्वासाचं माणूस शाळेत बोलवा. ते वडीलच असायला हवेत असं नाही. आई, आजी, मावशी, जिचं नाव ती स्वतः घेईल ती. त्यांच्यासोबत उपजिल्हा रुग्णालय किंवा सिव्हिल, त्याच दिवशी. घरात फवारणीची औषधं, गोळ्या असतील तर कुलपात जातील आणि किल्ली मोठ्या माणसाकडे राहील, हे त्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगायचं. संकोच करू नका. शेतकरी घरात हे एवढं केल्यानेही जीव वाचतात.

उत्तर "नाही, असंच लिहिलं" आलं तरी विषय संपला असं समजू नका. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा 14416 हा नंबर तिच्यासमोर, शाळेच्या फोनवरून लावा. केंद्र सरकारची ही सेवा 2022 च्या ऑक्टोबरपासून आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. मूल समोर नसताना "मी शिक्षिका आहे, माझ्यापुढे असा प्रसंग आहे, काय करू" हे विचारायलाही तुम्ही तिथे फोन करू शकता. बोलता बोलता कुणी नको तिथे हात लावल्याचं निघालं, तर मात्र निवड उरत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर आणि सरांवर बंधनकारक आहे, आणि लपवणं हाच गुन्हा ठरतो. 1098 या चाइल्डलाइनवरही मदत मिळते.

आता सर. त्यांना खलनायक करायची मला इच्छा नाही. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, संस्थाचालक मान धरतात, आणि गावातली बोंब शेवटी त्यांच्याच दारात येते. पण "कागदावर आणू नका" याचा अर्थ नीट समजून घ्या. उद्या काही बरंवाईट झालं तर "मला कुणी काही सांगितलंच नव्हतं" म्हणायला ते मोकळे, आणि ज्यांना माहीत होतं अशा एकट्या तुम्ही. म्हणून कागदावर आणायचंच. मुलीची कहाणी लिहायची नाही. दोन ओळी पुरेत. "अमुक तारखेला इयत्ता नववीतील एका विद्यार्थिनीच्या सुरक्षिततेबाबत गंभीर काळजी वाटल्याने आपणास तोंडी कळवले, पालकांना कळवून वैद्यकीय मदत घेणे आवश्यक आहे." आवक क्रमांक टाकून घ्या, पोहोच घ्या, प्रत घरी ठेवा. सर नाराज होतील. पण बहुतेक मुख्याध्यापक असा कागद हातात पडल्यावरच हलतात, असा माझा अनुभव आहे.

त्यांना पोलिसांची भीती असेल, तर तीही काढून टाका. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा करायची नाही, तो तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, हे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच आहे. इथे तर मुलीने फक्त एक ओळ लिहिली आहे. तिला दवाखान्यात नेल्याने कसलीही केस होत नाही, फक्त केसपेपर निघतो.

तुमचा खरा प्रश्न मात्र पुढेच आहे. "मी कमी पडतेय का?"

अहो, शास्त्राच्या सरांना "तुमचा हात हलका आहे, पोरांच्या दाढा तुम्हीच काढत जा" असं कुणी सांगेल का? तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं आहे. बिनपगारी फुल अधिकारी म्हणतात, तुम्हाला तर अधिकारही नाही! स्वभाव शांत म्हणून काम दिलं आणि त्या कामासाठी लागणारा वेळ, खोली, शिक्षण, वरचा आधार यातलं काहीच दिलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने माणूस पार थकून जाण्याची, नोंद केली ती आजारांमध्ये केली नाही, कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हणून केली. शाळा मुलांची शाळा असते तशी तुमच्या नोकरीची जागाही असते, हे आपल्याकडे सगळेच विसरतात. स्टाफरूममध्ये यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, बीएलओ म्हणून करायची मतदारयादी, टाचणं आणि शालार्थवरच्या पगाराचा गोंधळ यावर तासन् तास बोललं जातं, पण "मला झोप येत नाही" हे वाक्य तिथे कुणी उच्चारलंय का कधी?

शिक्षकाचं काम आहे लक्ष असणं, ऐकणं आणि योग्य हातात सोपवणं. सोपवल्यावरही मुलीची विचारपूस करत राहाल, ते तुमच्या स्वभावात आहेच. उपचार तुमचं काम नाही. आणि लक्ष ठेवणंही एकट्याचं नाही. मधल्या सुट्टीत कोण डबा उघडतच नाही, कोण प्रत्येक तासाला पोट दुखतंय म्हणून बाहेर येऊन पायरीवर बसतं, हे तुमच्या शाळेतल्या शिपाई मावशींना तुमच्या-सरांच्या आधी कळलेलं असतं. त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

यात तुमच्या बाजूने एक भक्कम आधारही आहे. विशाखापट्टणमला वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. स्वतंत्र कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं, म्हणजे शिपाई मावशींनाही. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणं टाळावं, असंही त्यात आहे. (तुमच्या 'ब' तुकडीत कोण येतं हे सरांना विचारून बघा. मुलांना विचारायची गरज नाही, त्यांना ते पाचवीपासून ठाऊक असतं.)

संस्था उद्याच नेमणूक करेल असं मी म्हणत नाही. संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांत, हे पद नाही, पैसे नाहीत, हे उत्तर तयारच असणार. मग मधला मार्ग काढा. तालुक्यातल्या चार शाळांनी मिळून एक मानसशास्त्रज्ञ आठवड्यातून एकेक दिवस बोलवावा, खर्चाला शिक्षक-पालक संघाने हातभार लावावा. जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, शाळांमध्ये जाणं त्यांच्या कामातच येतं. ते होईपर्यंत तुमच्यापुरत्या तीन मागण्या, त्याही लेखी: आठवड्याला निदान चार तास वेळापत्रकातून कमी, सोबत आणखी एक सहकारी, आणि खोलीतून ते लेझीम-डंबेल्स बाहेर. स्वतःचा मोबाइल नंबर मुलांना देऊ नका. दिला असेल तर "रात्री मी फोन घेत नाही, रात्रीसाठी 14416" हे वर्गात सगळ्यांना एकदाच सांगून टाका. रात्री अकराला मेसेज वाचून पहाटेपर्यंत तळमळण्याने त्या मुलाला काहीच मिळत नाही.

छातीत जड वाटण्याचं मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. वय 43 आहे. बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी बघून घ्या. बायकांच्या छातीतलं दुखणं "टेन्शन असेल" म्हणून घरातच निकालात काढायची आपल्याकडे वाईट सवय आहे, आणि ती आपण बायकाच जास्त पाळतो. चालताना वाढलं, हातात किंवा जबड्यात कळ गेली, घाम फुटला, तर सोमवारची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. तपासण्या ठीक आल्या आणि झोपेचं हेच चालू राहिलं, तर तुम्हीही मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. मुलांना "मदत मागण्यात लाज कसली" म्हणता ना? सोलापुरात ओळखीचं कुणी बघेल असं वाटत असेल तर सुरुवात 14416 पासून करा, तिथे शिक्षकांनाही मज्जाव नाही. वैद्यकीय रजा शिल्लक असेल तर ती वापरायलाच असते. निवृत्तीच्या दिवशी शिल्लक रजेचा आकडा बघून कुणी कौतुक करत नाही.

यजमानांवर रागावू नका. त्यांना तुमची अवस्था बघवत नाही, आणि सुचला तो एकच उपाय ते सांगतायत. नोकरी सोडायचा निर्णय तीनला जाग येणाऱ्या माणसाने घेऊ नये, तो झोप परतल्यावर घ्या. तोवर त्यांच्याकडे दुसरं काहीतरी मागा. संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून तीन दिवस त्यांचा, आणि त्या वेळात तुम्ही घराबाहेर, चालत. मुलालाही एका वाक्यात सांगा, "मी चिडते ते तुझ्यामुळे नाही." नाहीतर तोही वहीच्या शेवटच्या पानावर काहीबाही लिहीत बसेल.

राहिला 10 ऑक्टोबर. घोषवाक्य स्पर्धा नको. "हसत राहा, आनंदी राहा" असं थर्माकोलवर कोरून नववीच्या मुलांना काय मिळणार? मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून, मुलांच्याही, 14416 आणि 1098 हे आकडे रंगवून घ्या. तिथे नंबर वाचताना कुणी बघत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांना मुलांसमोर भाषणाला उभं करण्याऐवजी एक तास फक्त शिक्षक आणि शिपायांसोबत दार लावून बसवा. आणि भाषण ठेवणं भागच असेल तर ते सरांना करू द्या. विषय तुम्ही द्या: "आमच्या शाळेत एखाद्या मुलाने त्रास होतोय असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी काय होतं." त्या भाषणाला काही मजकूर हवा तर तेवढी व्यवस्था त्यांना सप्टेंबरातच लावावी लागेल.