जुन्या ब्रिटिश मोटारसायकली तेल का गळायच्या? आताच्या ट्रायम्फलाही तो त्रास असतो का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. आताची, म्हणजे हिंकलीच्या कारखान्याची ट्रायम्फ गळत असेल तर कुठलं तरी सील गेलंय. सर्व्हिस सेंटरला न्या आणि वॉरंटी असेल तर भांडा.

बाकी सगळं पहिल्या भागाबद्दल. त्यावरून आमच्या दाजींचं आणि माझं कित्येक वर्षं वाजतंय. दाजींचं एक ठरलेलं वाक्य आहे: "इंग्रजांना राज्य करता आलं, फिटिंग कधी जमलं नाही. ते जपान्यांनी शिकवलं." घरातल्या प्रत्येक लग्नात ते कुणाला तरी धरून हे ऐकवतात. मी भोसरीत टूलरूममध्ये सुरुवात केली, आता कॉव्हेन्ट्रीजवळ एका कारखान्याच्या मोजमाप विभागात आहे. इथे सोबतच्या निम्म्या लोकांचे वडील नाहीतर आजोबा मेरिडनला ट्रायम्फमध्ये किंवा स्मॉल हीथला बीएसएमध्ये कामाला होते. त्यामुळे ते वाक्य मला झोंबतं.

तेल का गळायचं ते बघू. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन यांच्या जुन्या ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनांचा क्रँककेस (क्रँक ज्यात फिरतो ते खालचं घर) उभा चिरलेला असायचा, डावा अर्धा आणि उजवा अर्धा. जोड थेट तळातून जातो, म्हणजे तेल जिथे साचणार तिथूनच. होंडाने क्रँककेस आडवा चिरला, जोड तेलाच्या वर राहिला, निम्मं काम तिथेच झालं. त्यात ३६० अंशांचा क्रँक, म्हणजे दोन्ही पिस्टन एकदम वर आणि एकदम खाली. ६५० सीसीच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला ६५० सीसी हवा खाली ढकलली जाते. ६,००० आरपीएमला हे सेकंदाला १०० वेळा. ही हवा बाहेर पडायला कॅमशाफ्टच्या टोकाला एक फिरती चकती आणि एक बारीकशी नळी. शिट्टी अडकलेला कुकरच तो. हवा जिथून वाट मिळेल तिथून जाणार आणि जाताना तेल घेऊन जाणार: पुशरॉडच्या नळ्यांखालून, रॉकर बॉक्समधून, प्रायमरीच्या (क्लचकडे जाणाऱ्या साखळीच्या) झाकणातून.

मी इथे आल्यावर अशीच एक ६५० ट्विन घेतली, खोक्यांत भरलेली. कुठली ते सांगत नाही, क्लबातली मंडळी शोधून काढतात. विकणारे आजोबा म्हणाले, गळणं हा तिचा स्वभाव आहे, खाली ट्रे ठेवत जा. मी दोन्ही अर्धे स्वच्छ केले, सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) ब्लू लावला, म्हणजे टेकेल तिथेच लागणारा निळा रंग, आणि त्यावर टेकवून उचलले. ब्लू फक्त बोल्टच्या भोकांभोवती लागला होता, मधे सगळं कोरं. एका ठिकाणी कुणीतरी केस उघडायला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याची खाच होती, नखात अडकेल एवढी. पण खरी गंमत वर होती. या इंजिनांत सिलिंडर दोन्ही अर्ध्यांवर मिळून बसतो. मी दोन्ही अर्धे आवळून वरच्या फेसवर, म्हणजे पृष्ठभागावर, डायल (उंची मोजणारं घड्याळ) फिरवला, तर जोडावर काटा टुणकन उडाला. मिलिमीटरच्या पाच-सहा शतांशांची पायरी! तिथे तीन फेस एकत्र येतात, त्यावर कागदाचं पॅकिंग बसवून आणि देवाचं नाव घेऊन काय होणार?

इलाज साधाच. जोडाचे फेस प्लेटवर हलक्या हाताने घासून सपाट केले, खाच वेल्डने भरली. मग दोन्ही अर्धे आवळलेल्या स्थितीत वरचा फेस मिलिंगवर एका पासात काढला. पॅकिंगला चांगलं सीलंट, पुशरॉडच्या नळ्यांना नव्या रिंगा, आणि ब्रीदरला (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेला) जाड नळी व तिच्यात एकेरी झडप. यातलं काहीही १९६० साली अशक्य नव्हतं. मिलिंग मशीन होतं, ब्लू होता, डोकं तर होतंच. गाडी आता गॅरेजच्या फरशीवर उभी असते, खाली ट्रे नाही. क्लबातल्या एका वयस्क सदस्यांनी वाकून बघितलं आणि "आत तेल आहे ना?" असं विचारलं. हा इथला सगळ्यात जुना विनोद आहे आणि मला तो एकदाही हसवू शकला नाही.

माझं म्हणणं एवढंच की गळती इंजिनिअरने केली नाही. ती हिशेबनीसाने मंजूर केली. एडवर्ड टर्नर म्हणजे ज्याने ट्रायम्फच्या स्पीड ट्विनचं इंजिन काढलं तो माणूस. तो १९६० साली स्वतः जपानला गेला, कारखाने बघितले, परत येऊन अहवाल दिला. म्हणजे वर बसलेल्यांना पुढे काय येतंय ते ठाऊक होतं. बर्ट हॉपवूड आणि डग हील या तिथल्याच इंजिनिअरांचं तीन सिलिंडरचं ७५० इंजिन १९६५ सालीच गाडीत बसून पळत होतं. ते ट्रायम्फची ट्रायडेंट आणि बीएसएची रॉकेट थ्री म्हणून बाजारात यायला १९६८ उजाडलं, कारण मधे बाहेरच्या डिझायनरांकडून रूप देऊन घ्यायचं होतं. १९६९ मध्ये होंडा सीबी ७५० आली: चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटन दाबून स्टार्ट. मग वरातीमागून घोडं.

ब्रीदरचंच घ्या. ट्रायम्फने १९७० च्या ६५० मॉडेलमध्ये फिरती चकती काढून क्रँककेसची हवा प्रायमरी केसमधून जाड नळीने बाहेर नेली. गळती बरीच कमी झाली. खर्च किती? तीन भोकं आणि एक नळी! ही अक्कल मेरिडनमध्ये आधी नव्हती असं मला कुणी सांगू नये. पुढच्याच वर्षी वरिष्ठांनी फ्रेममध्ये तेल भरण्याची नवी चौकट आणली, तर तिच्यात इंजिन बसेना, रॉकर बॉक्स उतरवल्याशिवाय आत जाईना. कामगार काम सोडून ड्रॉइंगची वाट बघत बसले होते. आणि इतिहासात काय लिहिलं जातं? युनियनने बुडवलं.

दाजी इथे म्हणतील, मग शर्यतीत काय दिवे लावले? लावले. अमेरिकेतल्या १९७१ च्या डेटोना २०० शर्यतीत पहिले तिन्ही नंबर बीएसए-ट्रायम्फच्या गाड्यांचे होते, आणि जिंकला डिक मान, रॉकेट थ्रीवर. 'स्लिपरी सॅम' नावाची ट्रायडेंट १९७१ ते १९७५ सलग पाच वर्षं आइल ऑफ मॅनची प्रॉडक्शन टीटी (बाजारात मिळणाऱ्या मॉडेलांची शर्यत) जिंकली. तिला ते नाव १९७० च्या बोल दोरमध्ये पडलं, कारण २४ तासांच्या त्या शर्यतीत तिने स्वारांना तेलाने न्हाऊ घातलं आणि तरी पाचवी आली. वेलोसेटची ५०० सीसीची एक-सिलिंडर व्हेनम १९६१ साली फ्रान्समधल्या माँलेरीच्या ट्रॅकवर २४ तास ताशी १०० मैलांच्या सरासरीने धावली. ज्यांना फिटिंग जमत नाही त्यांच्या गाड्या अशा धावत नाहीत.

मधे १९७३ ला मेरिडनच्या कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला, सहकारी तत्त्वावर चालवला, १९८३ ला तोही बंद झाला. ते एक वेगळं उत्तर होईल. नाव विकत घेतलं जॉन ब्लूर या बिल्डरने. त्याने जुनी यंत्रं घेतली नाहीत. त्याची माणसं जपानला जाऊन कारखाने बघून आली, आणि हिंकलीला नवा कारखाना उभा राहिला. १९९० ला ज्या गाड्या दाखवल्या त्यांत एकाच साच्याच्या भागांतून तीन आणि चार सिलिंडरची इंजिनं बनत होती. हॉपवूड बीएसए-ट्रायम्फच्या वरिष्ठांना हीच कल्पना सांगून थकला होता. २०१९ पासून मोटो-टूमध्ये, म्हणजे मोटोजीपीच्या खालच्या गटाच्या शर्यतींत, सगळ्या संघांना ट्रायम्फचं ७६५ सीसी तीन सिलिंडरचं इंजिन मिळतं. त्याआधी कुणाचं होतं? होंडाचं. दाजी, वाचताय ना?

आता दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत, नाहीतर कमेंटमध्ये कुणी तरी धरेल. मोटो-टूमध्ये सगळ्यांना तेच इंजिन, त्यामुळे तिथे ट्रायम्फने होंडाला हरवलं असं म्हणता येत नाही, तिला ते काम मिळालं एवढंच. मोटोजीपीत ब्रिटिश कंपनी नाही. आणि जपान्यांनी काहीच शिकवलं नाही असं माझं म्हणणं नाही, आडवा क्रँककेस हिंकलीनेही घेतला. बऱ्याच हिंकली ट्रायम्फ आता थायलंडमध्ये बनतात, ४०० सीसीच्या तर बजाजच्या चाकणला. तेव्हा 'ब्रिटिश इंजिनिअरिंग' म्हणजे नक्की कुणाचे हात, हा वाद घालायचाच तर चाकणच्या पोरांनाही त्यात घ्या.

तुम्ही नवी घेणार की जुनी, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. नवी घेत असाल तर बिनधास्त घ्या. जुनी घेत असाल तर विकणाऱ्याला "गळते का?" विचारू नका, सगळे नाहीच म्हणतात. ब्रीदरची नळी कुठे जाते ते बघा आणि क्रँककेसच्या खाली दोन्ही अर्ध्यांवर कोरलेले आकडे जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर ते वेगवेगळ्या इंजिनांचे अर्धे आहेत, सोडून द्या. आणि घरी आणल्यावर एक लक्षात ठेवा: या ड्राय संप गाड्या (ज्यांचं इंजिन ऑइल वेगळ्या टाकीत असतं) आठ-पंधरा दिवस उभ्या राहिल्या की त्या टाकीतलं तेल पंपातून झिरपून खाली क्रँककेसमध्ये उतरतं. टाकी रिकामी दिसली म्हणून वरून ओतू नका, आधी तळाचा प्लग काढून खालचं तेल बाहेर घ्या. ओतलंत तर पहिल्या दोन-चार किकांत ते ब्रीदरमधून मागच्या टायरवर येईल, आणि शेजारी उभे असलेले कुणाचे तरी दाजी म्हणतील, बघा, इंग्रजांची गाडी.