‘बिलो डेक’ किती खरे, आणि त्या बोटीवर नोकरी करावी का

आपण चिपळूणहून विचारलेल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. यॉटवरच्या, म्हणजे आलिशान सहलीच्या बोटीवरच्या, नोकरमाणसांचे काम आणि भांडणे दाखवणाऱ्या ‘बिलो डेक’ या मालिकेत दिसते ते कितपत खरे असते, हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेतलेल्या आपल्यासारख्या मुलीला तशा यॉटवर काम मिळू शकते का, आणि आपल्या आई म्हणतात त्याप्रमाणे ते ‘श्रीमंतांची भांडी घासण्याचे काम’ आहे का. मी जयगडजवळचा. अकरा वर्षे मालवाहू जहाजांवर आणि त्यानंतर चार उन्हाळे भूमध्य समुद्रातल्या एका भाड्याच्या यॉटच्या डेकवर मी काम केले आहे. तिसऱ्या भागाचे उत्तर सोपे असल्याने ते आधी देतो: होय, भांडी घासावी लागतात, आणि भांड्यांपेक्षा नळ जास्त घासावे लागतात.

आता मालिकेविषयी. ती अमेरिकेतल्या ब्राव्हो वाहिनीवर १ जुलै २०१३ रोजी सुरू झाली. २०१६ मध्ये भूमध्य समुद्रावरची आणि २०२० मध्ये शिडाच्या यॉटवरची, अशा तिच्या शाखा निघाल्या. पहिल्या पर्वातले कप्तान ली रॉसबाख हे कोणी नट नव्हेत, पेशाने कप्तानच. बोटही खरीच होती. फक्त पडद्यावर तिचे नाव ‘ऑनर’ ठेवले होते आणि मूळ नाव ‘कुओर दि लेओने’ होते. दोर फेकणारा माणूस खरोखरच दोर फेकत असतो आणि नांगर घसरतो तेव्हा तो खरोखरच घसरलेला असतो. शिडाच्या शाखेच्या दुसऱ्या पर्वात क्रोएशियात ‘पार्सिफल थ्री’ धक्क्यावर आदळली, तो प्रसंग कोणी लिहून काढलेला नव्हता. असे काही मुद्दाम घडवून आणायला कोणताही मालक आपली बोट देणार नाही.

बदललेला असतो तो काळ, आणि माणसांची निवड. खऱ्या व्यवहारात एक कुटुंब बहुधा आठवडाभरासाठी बोट घेते. मालिकेत पाहुणे दोन-तीन दिवसांत बदलतात आणि सुमारे सहा आठवड्यांत संपूर्ण पर्वाचे चित्रीकरण आटोपते. पाहुण्यांना भाड्यात सवलत मिळते आणि कॅमेरा आपल्यावर आहे हे त्यांना पुरते ठाऊक असते. इंजिनियर तर जवळजवळ दिसतच नाही, कारण जनरेटरचा फिल्टर बदलणाऱ्या माणसाचे भांडण कोणी बघत बसत नाही. वास्तविक बोट चालू राहते ती त्याच्याच जिवावर.

परंतु माझ्या मते सर्वांत मोठा फरक वेगळाच आहे. या धंद्याचा पहिला नियम गप्प राहण्याचा आहे. बोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वी आमच्याकडून गोपनीयतेच्या करारावर सही घेतली जाई. पाहुणा कोण, त्याच्यासोबत कोण, तो काय प्यायला, यातले अवाक्षरही बाहेर बोलायचे नाही, आणि फोटो तर काढायचाच नाही. मालिकेत मात्र प्रत्येक खलाशी दर दहा मिनिटांनी खुर्चीवर बसून पाहुण्याविषयी आणि शेजारच्या बंकवरच्या, म्हणजे भिंतीला जोडलेल्या अरुंद बिछान्यावरच्या, सहकाऱ्याविषयी मन मोकळे करत असतो. जे बोलल्यामुळे खऱ्या यॉटवर नोकरी जाईल, ते बोलण्यासाठीच तिथे माणसाला घेतलेले असते. म्हणून ती बघताना हातांकडे लक्ष द्यावे आणि तोंडाकडे दुर्लक्ष करावे. हात खरे आहेत.

आपल्याकडच्या जुन्या खलाशांना ही उतरंड नवी वाटणार नाही. मालिकेतला बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा प्रमुख, तो आपला सारंग. त्याच्या हाताखाली त्याचा मदतनीस तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, खलाशी, कोठारावर कसाब, आणि स्वयंपाक करणारा तो भंडारी, मग तो जातीने कोणीही असो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची माणसे या हुद्द्यांवर पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेली. यॉटवर त्यात आतल्या बाजूची भर पडते: चीफ स्टू, दुसरी स्टू, तिसरी स्टू (स्टू म्हणजे स्टुअर्डेस, पाहुण्यांची सरबराई आणि केबिनची निगा राखणारी). आपल्याला घेतले तर तिसरी म्हणून घेतील, आणि तिसरीचे घर म्हणजे लाँड्री.

तिथला एक दिवस सांगतो. पाहुणे उठण्यापूर्वी, सकाळी सहाला, आम्ही संपूर्ण डेक गोड्या पाण्याने धुऊन शॅमीने, म्हणजे पिळून वापरायच्या मऊ कापडाने, कोरडा करत असू. रात्रभराच्या वाऱ्याने रेलिंगवर मीठ बसते (आपल्याकडे खिडकीच्या गजांवर बसते तसेच), आणि धुतल्यावर पाणी तसेच वाळू दिले तर थेंबाथेंबाचा पांढरा ठिपका राहतो. त्याच वेळी आत स्टू मुली न्याहारीची मांडणी करत असत. पाहुणा न्याहारीला बसला की त्याची केबिन वीस मिनिटांत नवी व्हावी लागे: चादर पलंगावर अंथरून तिथेच इस्त्री करायची, नळाच्या बुडाशी राहिलेले पाणी कान कोरायच्या कापसाच्या काडीने टिपायचे, आरशावर बोट उमटू द्यायचे नाही. पाहुणा परत आला की खोलीत कोणी येऊन गेले होते असे त्याला वाटताही कामा नये. ओटीवर पाहुणा गप्पा मारत असताना माजघरातून पोहे आणि चहा वेळेवर येतो आणि आणणारी दिसत नाही, हे आपण घरोघरी पाहिलेलेच आहे. फरक इतकाच की तिथे त्याचा पगार मिळतो.

मालिकेत पाहुण्यांच्या आवडीनिवडीचा कागद वाचला जातो, तोही अस्सल आहे. माझी वहिनी गुहागरकडे पर्यटकांसाठी चार खोल्या चालवते आणि तिच्या वहीत ‘कांदा नाही’, ‘मुलाला कोळंबीची अ‍ॅलर्जी’, ‘आजोबांना खालची खोली’ अशा नोंदी असतात. जूनमध्ये मासेमारी बंद असताना ताजे पापलेट मागणारा पाहुणा तिला कसा हाताळावा लागतो, हे एकदा जवळून पाहा. यॉटवरचा पाहुणा नांगर टाकलेल्या खाडीत रात्री अकराला विशिष्ट कंपनीचे पाणी मागतो तेव्हा चेहरा तसाच ठेवावा लागतो. मुलाखतीत पदविकेपेक्षा असा अनुभव अधिक कामाला येतो, म्हणून जवळपासच्या एखाद्या निवासात एक मे महिना काढा.

मालिकेतले दोन प्रसंग मात्र आईंना दाखवण्याआधी आपण स्वतः नीट बघावेत. सहाव्या पर्वात ताहितीजवळ लहान बोट ओढण्याच्या दोरात एका खलाशाचा पाय अडकला आणि तो पाण्यात खेचला गेला. कॅमेरामनने कॅमेरा टाकून दोर सोडवला म्हणून पाय वाचला. आमचा तांडेल (मासेमारीच्या होडीवर प्रमुख तोच) जाळ्याच्या होडीवर लहान पोरांना पहिल्याच दिवशी सांगे की वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, आणि ठेवला तर काठीचा फटका देई. त्या फटक्याचे मोल मला तो भाग बघताना कळले. दुसरा प्रसंग मालिकेच्या आणखी एका, ऑस्ट्रेलियाकडच्या शाखेत २०२३ मध्ये दाखवला गेला. मद्यधुंद पुरुष सहकारी झोपलेल्या मुलीच्या बंकमध्ये शिरला, निर्मात्यांच्या माणसांनी मध्ये पडून त्याला बाहेर काढले, आणि कप्तान जेसन चेंबर्स यांनी त्याला कामावरून काढून टाकले. खऱ्या बोटीवर दाराबाहेर चित्रीकरणाची माणसे नसतात. म्हणून मुलाखतीत संकोच न करता विचारावे: केबिन कोणाबरोबर, दाराला आतून कडी आहे का, तक्रार कोणाकडे करायची. आंतरराष्ट्रीय नाविक श्रम करार २००६ ज्या बोटींना लागू आहे त्यांवर तक्रारीची व्यवस्था असणे बंधनकारक आहे, आणि चोवीस तासांत किमान १० व सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळणेही. केवळ मालकाच्या खासगी वापरातल्या यॉटला हा करार लागू होत नाही, हे लक्षात ठेवावे. पाहुणे चढले की हे तास कागदावर जितके सरळ दिसतात तितके प्रत्यक्षात मिळत नाहीत, हेही खरे.

मालिकेतले बक्षिसीचे आकडे पाहून डोळे दिपतात, ते स्वाभाविक आहे. अठरा हजार डॉलर्सचे पाकीट नऊ जणांत वाटले की प्रत्येकी दोन हजार, तेही तीन दिवसांचे. प्रत्यक्षात भूमध्यात भाड्याच्या ५ ते १५ टक्के आणि कॅरिबियनमध्ये त्याहून काहीसे अधिक देण्याची रीत आहे, पण ती पाहुण्याची मर्जी. माझ्या एका उन्हाळ्यात दोन कुटुंबांनी हात हलवत निरोप घेतला होता. ज्या आठवड्यांत बोट रिकामी असते त्या आठवड्यांत केवळ पगार असतो. कर्जाचा हप्ता बक्षिसीच्या भरवशावर धरू नये.

कागदपत्रांचे म्हणाल तर पारपत्र, केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाकडून इंडोस क्रमांक (खलाशाचा नोंदणी क्रमांक), एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण (जीवरक्षण, अग्निशमन, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा), जहाजाच्या संरक्षणाच्या कर्तव्यांचा कोर्स, वैद्यकीय तपासणी आणि सीडीसी, म्हणजे समुद्रावरच्या नोकरीची नोंद होणारी खलाशाची पुस्तिका, एवढे लागते. बऱ्याच यॉट ब्रिटिश पद्धतीचे ईएनजी-१ हे वैद्यकीय प्रमाणपत्रही मागतात. युरोपीय मुले फ्रान्समधल्या आंतीब किंवा स्पेनमधल्या पाल्माच्या धक्क्यावर बोटीबोटीला विचारत फिरतात आणि रोजंदारीवर काम मिळवतात. आपल्या पारपत्रावर ते जमत नाही, कारण पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. म्हणून आधी क्रूझ जहाजावर दोन करार पूर्ण करावेत आणि ते अनुभवपत्र घेऊन यॉटच्या एजन्सीकडे जावे, असे माझे मत आहे. वाट लांबची आहे, पण पक्की आहे.

एजंटांविषयी एवढेच सांगतो. भारतात खलाशी भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना असावा लागतो, त्याचा क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्यास मनाई आहे. माझ्या चुलतभावाने एका माणसाला एक लाख चाळीस हजार दिले. बोटीचे नाव, कप्तानाची सही, सारे काही पत्रावर होते, फक्त बोट नव्हती. गणपतीला घरी आलेल्या त्या चुलतभावाने पुढची दोन वर्षे कोणाला तोंड दाखवले नाही.

भूमध्यातली भरती मुख्यतः मार्च-एप्रिलमध्ये होते, त्यामुळे पुढे कधी तिकडे जायचे तर कागद दिवाळीपूर्वी हाती असलेले बरे. तोवर पोहणे शिकून घ्या. जीवरक्षणाच्या कोर्समध्ये लाइफजॅकेट घालून उंचावरून तलावात उडी मारावी लागते, आणि समुद्राकाठी जन्मलो म्हणून ती आपोआप येत नाही. मी शिडी दोनदा चढून दोनदा उतरलो होतो, आणि तिसऱ्यांदा चढलो तेव्हा खाली बिहारचा एक मुलगा, ज्याने समुद्र कधी पाहिलाही नव्हता, केव्हाचा पाण्यात तरंगत माझी वाट बघत होता.