चौऱ्याण्णवाव्या सुनीतापाशी जरा थांब

सप्रेम आशीर्वाद.

शेक्सपिअरच्या ९४व्या सुनीतावरचं, म्हणजे चौदा ओळींच्या त्या सॉनेटवरचं, तुझं टिपण वाचलं. दुखावण्याचं बळ असूनही जे कुणाला दुखावत नाहीत, त्यांची ही स्तुती आहे, असं तू लिहिलंस. पहिल्या दोन ओळींपुरतं ते पटतं. तिसऱ्या ओळीत मात्र ही माणसं इतरांना हलवून सोडतात आणि स्वतः दगड राहतात. चौथीत तर ती थंडच आहेत. ज्याची मनापासून स्तुती करायची त्याला कुणी दगड म्हणेल का? इथून इतक्या घाईने पुढे जाऊ नकोस.

१६०९ साली छापलेल्या त्या संग्रहात १५४ सुनीतं आहेत. त्यातली ९३ आणि ९५ ही याच्या जोडीने वाच. यातली बरीच सुनीतं एका देखण्या तरुणाला उद्देशून आहेत. ९३मध्ये कवी त्याला बजावतो, की रूपासारखं शील नसेल तर तुझं सौंदर्य बायबलमधल्या ईव्हच्या सफरचंदासारखं, वरून मोहक पण घातक, होईल. ९५मध्ये त्याच्या बदनामीलाही गोड रूप येतं. दोन्हीकडे कवी त्याच्याशी थेट बोलतो. मधल्या ९४मध्ये मात्र 'मी' नाही आणि 'तू'ही नाही. मला वाटतं, इथे खरा आवर कवीने स्वतःला घातलाय. 'तू मला दुखावशील का?' हे विचारायचं टाळून तो 'अशी माणसं' म्हणत राहतो, आणि नवव्या ओळीत तर माणसं सोडून फुलाकडेच वळतो. त्याचं भय मला या वळणात ऐकू येतं.

'सडलेल्या लिलीला तणाहूनही घाण वास येतो' ही ९४ची शेवटची ओळ 'एडवर्ड तिसरा' या १५९६ साली छापलेल्या नाटकातही जशीच्या तशी आहे. राजाची नजर एका विवाहितेवर आहे. शपथेत अडकलेला तिचा बाप राजाची मागणी तिच्यापुढे ठेवतो. ती साफ नाकारते, आणि सुटका झालेला बाप तिचं कौतुक करताना ही ओळ बोलतो. सत्ताधाऱ्याचं पाप सामान्याच्या पापाहून घाण, हा तिथला रोख. सुनीतातली 'बळ' असलेली माणसं आठवून बघ!

टिपण पुन्हा लिही, पण 'संयम' हा शब्द न वापरता. आणि सहावी ओळ मोठ्याने वाच. निसर्गाने दिलेलं धन ही माणसं खर्चू देत नाहीत. ही राखण आहे की कंजुषी? माझं मत ठरलेलं आहे, पण आधी तुझं येऊ दे.