वाचकांचे प्रश्न : गाठ सापडल्यावर गावानं काय करायचं?

मागच्या अंकात स्तनाच्या कर्करोगाबद्दल प्रश्न मागवले होते. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत. नावं वगळली आहेत.

आमच्या गावात चार बचत गट आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमतात, तेव्हा या आजाराची माहिती द्यायचं ठरवलंय. पोस्टर लावू, डॉक्टरांचं भाषण ठेवू. आणखी काय करता येईल?
– आशा कार्यकर्ती, ता. गंगाखेड

ताई, भाषण दहा मिनिटांत आटपा आणि उरलेला वेळ तपासणीला द्या. टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाच्या संशोधकांनी मुंबईत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या एका गटाची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हातानं स्तनतपासणी झाली. ती डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही. म्हणून हळदीकुंकवाला सुनांच्या आधी सासवांना आणा. त्या "आता या वयात काय तपासायचं" म्हणून घरीच बसतात.

तुमच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकारी आणि एएनएम ताईंना आठवडाभर आधी सांगा. तपासणारी बाईच असेल, हे पक्कं करून घ्या. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकीची तपासणी धरलेली आहे, तुम्ही घरोघरी आजारांचा धोका नोंदवायला भरता तो सीबॅक फॉर्म त्यासाठीच असतो. खोलीला आतून कडी हवी, खिडकीला पडदा हवा, एक खाट आणि धुतलेल्या चादरी हव्यात. मोबाइल दाराबाहेर टोपलीत. एकीला पाच-सात मिनिटं लागतात, म्हणजे दोन सेविका दोन तासांत तीस-पस्तीस जणी नीट पाहू शकतात. शंभर बायका बोलावल्यात तर तपासणी उरकली जाईल, होणार नाही. पाळी येणाऱ्या बायकांना पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात बोलवा. पाळीआधी स्तन जड आणि गाठाळ लागतात, त्यातून नसती भीती उभी राहते.

गाठ हाताला कशी लागते, हे सांगून कळत नाही. तळहाताएवढी जाड कापडाची उशी शिवा, कापूस दाबून भरा. आत ज्वारीचा दाणा, हरभरा आणि सुपारी वेगवेगळ्या खोलीवर टाके घालून पक्की करा. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, आधी हलकं, मग मध्यम, मग खोल दाबून शोधायला लावा. बोटांच्या टोकांनी टोचलं की सुपारीसुद्धा सापडत नाही, हे बायकांना तिथंच कळतं. उशी हातोहात फिरली की संकोचही मोडतो. गाठीशिवाय आणखी काय पाहायचं तेही सांगा : कातडीला पडलेली खळी, जाड होऊन बारीक छिद्रं दिसणारी कातडी, नव्यानं आत ओढलेलं स्तनाग्र, एकाच बाजूनं येणारा रक्ताळ स्राव, काखेतली गाठ. आणि "दुखत नाही म्हणजे काही नाही" हा समज तिथंच खोडा. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाहीच.

खरी गळती यानंतर होते. पाच जणींना पुढं तपासायला सांगितलं तर एखादीच जाते. कुणाची तूर काढायची असते, कुणाचा मालक नको म्हणतो, कुणाला दवाखान्यात कुठल्या खिडकीशी जायचं तेच ठाऊक नसतं. त्यामुळं उपजिल्हा रुग्णालयात सर्जन आणि सोनोग्राफीवाले डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आधी विचारून ठेवा आणि त्याच वारी पाची जणींना एकत्र न्या. वही ठेवा : नाव, कुठं पाठवलं, सोबत कोण जाणार, निदान काय झालं. ती वही तुमच्याकडेच राहू द्या, गटाच्या बैठकीत वाचून दाखवू नका.

आईला (वय ५८) उजव्या स्तनात लिंबाएवढी गाठ आहे. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, काढून टाकू, साधं ऑपरेशन आहे. नातेवाईक म्हणतात, सुई लावू नका, पसरतो. काय करावं?
– वाचक, ता. केज

दादा, सुईनं आजार पसरत नाही. पण निदान न करता गाठ कापून काढली तर नुकसान होऊ शकतं. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत गाठीभोवतीची निरोगी कडाही काढावी लागते. काखेतल्या ग्रंथींचं काय करायचं ते ठरवावं लागतं, आणि कधी आधी केमो देऊन गाठ लहान करावी लागते. नुसती गाठ काढली की हे सगळं हुकतं आणि दुसरं ऑपरेशन मागे लागतं. त्याहून वाईट म्हणजे काढलेली गाठ तपासणीला न पाठवता टाकून देणं.

क्रम असा : डॉक्टरांनी हातानं तपासणं, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईनं गाठीचे बारीक लांबट तुकडे घेणं. बारीक सुईच्या तपासणीत नुसत्या पेशी येतात. तुकड्यांवरून आजाराचा प्रकार कळतो आणि ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन जास्त आहे का) या तीन तपासण्या करता येतात. पुढची औषधं मुख्यतः या तिघांवर ठरतात.

तुकडे बाटलीत घालून तुमच्याच हाती लॅबकडे दिले, तर जरा खमकेपणा दाखवा. बाटलीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन हवं, तुकड्यांच्या निदान दहापट. सलाइन, साधं पाणी किंवा कोरडं गॉज चालत नाही. त्यात पेशी सडतात आणि ईआर तपासणी खोटी "निगेटिव्ह" येऊ शकते. मग ज्या बाईला हार्मोनच्या गोळीनं फायदा झाला असता, तिला ती गोळी मिळतच नाही. तुकडा फॉर्मेलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. शनिवारी घेतलेली बाटली बुधवारपर्यंत दप्तरात ठेवू नका. बाटलीवर (झाकणावर नव्हे, झाकणं बदलतात) नाव, उजवी की डावी बाजू, तारीख आणि वेळ लिहून घ्या. लॅब तुकड्यांचा मेणाचा ब्लॉक करते. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर तो ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागतात. लॅबकडे लेखी अर्ज देऊन, सही करून घेऊन जा आणि काम झालं की परत आणून ठेवा.

केजहून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, बायोप्सीसाठी आधी तिथं विचारा. पुढच्या उपचाराला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय (आमखास मैदानाजवळचं) किंवा बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल रुग्णालय. एका रात्रीत निर्णय घ्यायची गरज नाही, पण "दिवाळी झाल्यावर बघू" हेही नको. पंधरा दिवसांत निदान हातात यावं.

जावेची केमो चालू आहे, दर एकवीस दिवसांनी. घरात लहान लेकरं आहेत. भांडी वेगळी ठेवायची का? शेजारीपाजारी आम्ही काय करू शकतो?
– वाचक भगिनी, उमरगा

भांडी, अंथरूण, लेकरं, काहीच वेगळं करू नका. हा आजार लागत नाही. फक्त औषध दिल्यावर ४८ तास तिची उलटी किंवा लघवी साफ करताना हातमोजे घाला आणि भरपूर पाणी ओता. लाल रंगाचं औषध दिलं असेल तर लघवी एक-दोन दिवस लालसर होते, ते रक्त नव्हे. त्या औषधावर केस दोन-तीन आठवड्यांत जातात. ते आधीच सांगून ठेवलं तर बाई सकाळी उशीवर केस पाहून हादरत नाही.

शेजाऱ्यांनी एकच गोष्ट तोंडपाठ करावी : ताप. औषधानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या वेळी १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर ते जिवावर बेतू शकतं. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, कारण गोळीनं ताप दबतो, जंतू वाढत राहतात. घरात डिजिटल थर्मामीटर हवा. रात्री गाडी काढणाऱ्या दोघांचे नंबर भिंतीवर लिहा, शिवाय १०८. दवाखान्यात पहिलं वाक्य हेच : "केमो चालू आहे, अमुक तारखेला दिली, ताप आहे." हे न सांगितल्यामुळं बाई साध्या तापाच्या रांगेत बसून राहते. त्या आठवड्यात जत्रा, लग्न, सर्दीखोकल्याचं माणूस, सगळं टाळा. समाचाराला येणाऱ्यांना ओसरीवरूनच चहा पाजून परत पाठवायचं काम शेजारणीनं घ्यावं. घरच्या सुनेला ते जमत नाही.

भाकरी, वरण, अंडं, ताजं शिजवलेलं सगळं चालतं. कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा रस नको. तोंड आलं तर पेलाभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. कुणी काढे, भुकट्या आणून दिल्या तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. यकृतावर दुहेरी ताण येतो.

डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, शेक (रेडिएशन) संपला. आता रोज एक गोळी चालू आहे. मुकादमाची उचल घेतलेली आहे, ऊसतोडीला जावं का?
– वाचक भगिनी, ता. धारूर

या हंगामात मोळी उचलायला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. व्यायाम म्हणून वजन हळूहळू वाढवत नेलं तर हाताला अपाय होत नाही. पण पहिल्याच दिवशी जड मोळ्या आणि त्यात पाचटानं होणारे चरे, हे वेगळं. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर त्या हातातला लिम्फ (पेशींभोवतीचा पाण्यासारखा द्रव) नीट वाहत नाही. बारीक जखमेतून जंतू शिरले की हात लाल, गरम होऊन सुजतो आणि ती सूज कायमची बसू शकते. जावंच लागलं तर कोपीवरचं (झोपडीवरचं) काम किंवा वाढे (उसाचे शेंडे) बांधण्याचं हलकं काम घ्या. लांब बाह्यांचा सदरा आणि जाड हातमोजे वापरा. चरा उठला की लगेच साबणानं धुऊन मलम लावा.

दर महिन्याला टेपनं दोन्ही हात मोजा : मनगट, कोपराखाली १० सेंमी, कोपरावर १० सेंमी. ऑपरेशनच्या हाताचा घेर २ सेंमीनं वाढला किंवा बांगड्या अचानक घट्ट झाल्या, तर फिजिओथेरपिस्टकडे जा. भिंतीवर बोटांनी चढत हात डोक्यावर नेण्याचा व्यायाम रोज दोनदा. निघण्याआधी पूर्ण हंगामाच्या गोळ्या लिहून घ्या. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी असेल तर ती निदान पाच वर्षं चालते. "बरं वाटतंय" म्हणून कारखान्यावर सोडून दिली जाते, आणि मग आजार उलटण्याचा धोका वाढतो. ही गोळी चालू असताना दिवस जाऊ देऊ नका. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच सांगा.

ऑपरेशननंतर ब्लाउज एका बाजूला रिकामा दिसतो. विकतचं सिलिकॉन परवडत नाही.
– वाचक भगिनी, औसा

पहिले सहा ते आठ आठवडे नुसता मऊ कापूस भरलेली मलमलची थैली वापरा. टाके पूर्ण भरले की वजन द्या. थैलीच्या खालच्या निम्म्या भागात मोहरी, वर कापूस, मध्ये आडवी शिवण, नाहीतर मोहरी वर सरकते. दुसऱ्या बाजूच्या अंदाजानं वजन वाढवत न्या. वजन अगदीच नसेल तर थैली वर चढते आणि ब्लाउज तिरका बसतो. ब्रेसियरला आतून खिसा शिवा. मोहरी काढता येईल अशी फट ठेवा, कापड धुता येतं. उन्हाळ्यासाठी दोन थैल्या हव्यातच, घामानं कातडी सोलवटते.

आजीला होता, आता आईला झालाय. बहिणीचं लग्न जमवताना सांगायचं का?
– वाचक, हिंगोली

बहुतेक रुग्णांमध्ये हा आजार आनुवंशिक नसतो. शंभरात पाच ते दहा जणींमध्येच तो जनुकातून येतो. पण तुमच्या घरी दोन पिढ्यांत झाला आहे. आईची बीआरसीए तपासणी (आजार जनुकातून आलाय का ते पाहणारी) करायची का, हे तिच्या डॉक्टरांना विचारा. तपासणी आधी आजारी व्यक्तीची करतात, बहिणीची नव्हे. सांगण्याबद्दल : सोयरिकीत लपवलेलं दोन वर्षांनी बाहेर येतं. आईचा उपचार चालू आहे एवढं सरळ सांगा.

खर्चाचं आणि प्रवासाचं कसं जमवावं?
– अनेक वाचक

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटा. पैसे भरून मग योजना लावायला गेलात तर अडकता. दोन्ही कागदांवर नावाचं स्पेलिंग जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा, फाइल बहुतेक वेळा तिथंच थांबते. चौकशीसाठी १५५३८८. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के सवलतीत असतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला लागतो.

रेल्वेत उपचारासाठी जाताना रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये तिकीट माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयाच्या सही-शिक्क्यानिशी तिकीटखिडकीवर दाखवावा लागतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. मुंबईला टाटाला जावं लागलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायची सोय होऊ शकते. रुग्णालयाचं पत्र लागतं, म्हणून सकाळच्या गाडीनं पोचा आणि आधी केस पेपर काढा. मूळ कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा, झेरॉक्सचे दोन संच वेगळ्या पिशवीत ठेवा आणि सगळ्याचे फोटो सोबत्याच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा.