आरसी ट्रक शून्यापासून: चॅसी आधी की बॉडी?

'१:१० मापाचा ऑफ-रोड आरसी (रिमोटवर चालणारा) ट्रक घरीच बनवायचाय, सुरुवात चॅसीपासून (खालच्या सांगाड्यापासून) करू की बॉडीपासून?' असा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर आधी टायर आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) पक्का करा. खऱ्या गाडीचा व्हीलबेस ३१३० मिमी असेल तर मॉडेलचा ३१३ मिमी. या मापाच्या तयार बॉडीही मिळतात, त्यामुळे पुढे कंटाळा आलाच तर सुटका आहे!

चॅसीच्या दोन्ही रेल (दोन बाजूंचे लांब दांडे) ॲल्युमिनियमच्या पट्टीतून कापा, पण भोकं पाडताना दोन्ही एकावर एक घट्ट आवळून एकदमच ड्रिल करा. मी वेगवेगळी पाडली, एका बाजूला जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक पडला आणि ट्रक खेकड्यासारखा तिरका चालायला लागला. पट्ट्या भंगारात.

मोटर ५५ टर्नची (आत तारेचे ५५ वेढे असलेली) ब्रश्ड, म्हणजे कार्बन ब्रशवाली घ्या. वेग कमी मिळतो, पण दगडावर इंच इंच चढता येतं. दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) लॉक करा, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. बॅटरी पुढच्या ॲक्सलजवळ आणि जमेल तितकी खाली बसवा, नाहीतर चढावर गाडी मागे कोलांटी मारते. रंगरंगोटी, शिडी, जेरीकॅन वगैरे सगळ्यात शेवटी. छतावरचं वजन तर शक्यतो टाळाच.