बाळ झोपलं, तरी तिला झोप लागत नाही
वाचकांचे प्रश्न : गर्भारपण, बाळंतपण आणि मन

प्रश्न : मुलगी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली आहे. आज चोविसावा दिवस. सारखी रडते, जेवण जात नाही, बाळ झोपलं तरी आढ्याकडे बघत पडून असते. शेजारणी म्हणतात, सगळ्यांचंच असं होतं, सव्वा महिन्यानं ठीक होईल. वाट बघावी का? (सातारा जिल्हा)

उत्तर : वाट बघू नका, या आठवड्यातच दाखवा. शेजारणी म्हणतात ते रडू वेगळं. ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतं, मधूनमधून हसूही येतं आणि दोन आठवड्यांच्या आत औषधाशिवाय ओसरतं. तुमच्या मुलीला तीन आठवडे उलटून गेले आणि भूक, झोप दोन्ही गेल्या. हे प्रसूतीनंतरचं नैराश्य असण्याची दाट शक्यता आहे.

तुम्ही टिपलेली एक खूण फार मोलाची आहे. बाळंतिणीची झोपमोड होतेच, पण बाळ निजलं की तीही पाठ टेकताच झोपते. निवांतपणा मिळूनही डोळा लागत नसेल, तर नुसता थकवा समजून सोडून देऊ नये.

डॉक्टर बहुधा प्रसूतीनंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबरो प्रश्नावली भरून घेतील. गेल्या ७ दिवसांबद्दलचे १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. ३० पैकी १३ किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांकडून नीट तपासणी हवी. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरं कोणतंही उत्तर आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. हे प्रश्न तिला एकटीला विचारले जावेत. आई, सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असेल तर खरं उत्तर येत नाही. मरणाचे विचार येतात का, हे विचारायला भिऊ नका. विचारल्यानं ते मनात शिरत नाहीत.

हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी अशीच मरगळ येते. लोहाची गोळी बाळंतपणानंतरही रोज एक, १८० दिवस चालू ठेवायची असते. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर अंगी लागत नाही.

आज रात्रीपासून तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल असं बघा. साडेनऊला पाजून झालं की ती दुसऱ्या खोलीत झोपेल. मधलं एक पाजणं आधी काढून ठेवलेल्या दुधावर, स्वच्छ वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, घरातलं दुसरं कुणी करेल. काढलेलं दूध फ्रीजबाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात त्याहून कमी. छाती दाटून आली तर मात्र तिला उठून दूध काढू द्या.

आणखी एक गोष्ट हलकेच विचारा : बाळ मुलगी असेल, तर त्यावरून सासरहून कुणी काही बोललं का? गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि मुलीचा जन्म, गरिबी, नवऱ्याची मारहाण यांचा त्याच्याशी संबंध दिसला. तसं काही असेल तर गोळीइतकंच घरच्यांशी बोलणंही उपचारात धरावं लागतं.

प्रश्न : मला दुसरा महिना आहे. नैराश्यासाठी वर्षभर सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम घेते. सासूबाई म्हणतात, बाळासाठी गोळी आजच बंद कर. (ठाणे)

उत्तर : एकदम बंद करू नका. अचानक सोडल्यास चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होऊ शकतं; आणि खरी भीती आजार उलटण्याची आहे. आजारी आई जेवत नाही, तपासणीला जात नाही, त्याचा त्रास बाळालाही होतो. सर्ट्रालिन हे गर्भारपणात आणि स्तनपानात पुष्कळ वापरलं गेलेलं औषध आहे; दुधातून बाळाला जातं ते अगदी थोडं. जन्मानंतरचे काही दिवस बाळ जरा किरकिरं किंवा थरथरतं वाटू शकतं, म्हणून प्रसूतीच्या डॉक्टरांना आणि बालरोगतज्ज्ञांना या गोळीची कल्पना आधीच द्या. पुढच्या तपासणीला सासूबाईंनाही बरोबर न्या. त्यांची काळजी खरी आहे, उत्तर डॉक्टरांकडून ऐकलं तर पटेल.

सगळ्याच गोळ्यांना मात्र हे लागू नाही. फिट्स आणि काही मानसिक आजारांवर दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएटमुळे बाळाच्या पाठीच्या कण्यात आणि मेंदूच्या वाढीत दोष येऊ शकतात. ते घेणाऱ्या बाईनं दिवस राहण्याआधीच औषध बदलून घ्यावं, आणि राहिले असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

प्रश्न : बायको बाळंत होऊन सहा दिवस झाले. तीन रात्री झोपली नाही, अखंड बोलते, बाळ बदललं आहे म्हणते. घरचे बाहेरची बाधा म्हणतात. (बीड)

उत्तर : आजच रुग्णालयात न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. ही प्रसूतीनंतरच्या तीव्र मनोविकाराची लक्षणं आहेत. हजार बाळंतपणांत एखाद-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि तासातासाला रूप बदलतो. दुपारी ती नीट बोलली म्हणून बेत रद्द करू नका. तिला एकटीला किंवा बाळासोबत एकटं ठेवू नका. ताप, तीव्र डोकेदुखी, झटके किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर ते आधी सांगा. जंतुसंसर्गानं किंवा मेंदूतल्या गुठळीनंही बाई अशीच बरळते. मांत्रिकाकडे गेलेला दिवस फुकट जातो, आणि या आजारात एक दिवस फार मोठा असतो. उपचार मिळाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. पुढच्या खेपेला मात्र गर्भारपणातच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, कारण हा आजार पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो.

दाखल करताना बाळाचं काय, हे जरूर विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून एरवी तोडायचं नसतं. तिच्यापासून त्याला धोका असेल तर गोष्ट वेगळी. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत आई-बाळांचा स्वतंत्र विभाग आहे.

प्रश्न : बाळाला हातात घेतलं की गॅलरीतून फेकून देईन असं मनात येतं. मी घाबरून चाकूसुद्धा लपवून ठेवते. मी वेडी होत आहे का? (पुणे)

उत्तर : हा विचार तुम्हाला नकोसा आहे, त्याची भीती वाटते, म्हणून तुम्ही स्वतःला आवरता. असे नकोसे विचार पुन्हा पुन्हा मनात येण्याचा आजार वरच्या पत्रातल्या आजारापेक्षा वेगळा आहे. त्यात आई तो विचार सहसा अमलात आणत नाही. चाकू लपवणं, बाळाला टाळणं यानं मात्र भीती वाढतच जाते. समुपदेशन आणि लागलं तर औषध, दोन्हींचा गुण येतो. विचार बरोबर आहे असं वाटू लागलं, किंवा कुणी तसं करायला सांगतंय असा आवाज आला, तर वेळ दवडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही फुकट बोलता येतं. डॉक्टरांना ‘टेन्शन येतं’ एवढंच सांगू नका. गॅलरी, चाकू हे शब्द जसेच्या तसे सांगा, नाहीतर आजार त्यांच्या लक्षात येणार नाही.